कातडे, रोगण आणि कारागीर: जपानी 'इंदेन' व्यवसायाच्या निमित्ताने कार्यशाळा-दर्शनाचा विचार

जपानी भाषेत चामड्याच्या एका विशिष्ट हस्तव्यवसायास 'इंदेन' असे नाव आहे. हरणाचे मऊ कमावलेले कातडे रंगवून त्यावर उरुशी नावाच्या वृक्षरसाच्या रोगणाने बारीक ठिपक्यांची व फुलांची नक्षी उठवावयाची, आणि अशा कातड्याच्या थैल्या, बटवे, पाकिटे शिवावयाची, असे ह्या व्यवसायाचे थोडक्यात स्वरूप आहे. परंतु मराठी अभ्यासकाचे लक्ष प्रथम वेधून घेते ते त्याचे नाव. 'इंदेन' ह्या शब्दाची जपानी अक्षरे 'हिंदुस्थानातून आलेले' ह्या अर्थाच्या शब्दसमूहाचा संक्षेप मानण्यात येतात. सतराव्या शतकात हिंदुस्थानी म्हणून ओळखली जाणारी नक्षीदार कातडी समुद्रमार्गे जपानात पोचली आणि त्यांवरून हे नाव रूढ झाले, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. ज्या देशाच्या नावाने दूरदेशी एक चर्मकला आज सन्मानाने नांदत आहे, त्या देशात मात्र चामड्याला हात लावणाऱ्या माणसास शतकानुशतके गावकुसाबाहेर राहावे लागले. ह्या विरोधाचा अर्थ काय, आणि चर्मव्यवसायाच्या कार्यशाळेस भेट देणाऱ्या अभ्यासकाने तेथे नेमके काय पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इंदेनची कृती

ह्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण म्हणजे यामानाशी प्रांतातील कोफू हे शहर. ह्या प्रदेशाचे जुने नाव काई अथवा कोशू. म्हणून ह्या कलेस 'कोशू इंदेन' म्हणतात. तेथील सर्वांत प्रसिद्ध पेढी उएहारा घराण्याची असून तिची स्थापना १५८२ साली झाली असे ती सांगते. हरणाच्या कातड्यावर उरुशीची नक्षी काढण्याची युक्ती ह्या घराण्याच्या मूळपुरुषाने शोधली अशी परंपरा आहे. तथापि कातडे आणि उरुशी ह्यांचा संयोग जपानात त्याहून पुष्कळ जुना आहे. नारा येथील शोसोइन ह्या आठव्या शतकातील भांडारात साच्यावर बसवून कडक केलेल्या कातड्याच्या, उरुशीने लेपलेल्या पेट्या जतन झालेल्या आहेत. पुढे सामुराई योद्ध्यांच्या चिलखतांतही उरुशी दिलेल्या कच्च्या कातड्याच्या पट्ट्या वापरीत. म्हणजे इंदेनचे नाव परदेशी असले तरी तिची सामग्री आणि कौशल्य ही घरचीच होत.

इंदेनची मुख्य कृती तीन प्रकारची आहे. पहिला प्रकार उरुशी लावण्याचा. रंगविलेले कातडे फळीवर पसरून त्यावर नक्षी कोरलेला कागद ठेवतात. हा कागद साधा नसतो. हाताने बनविलेल्या कागदाचे अनेक थर कच्च्या तेंदूजातीय फळाच्या तुरट रसाने एकमेकांस चिकटवून तो चिवट व पाण्यास दाद न देणारा केलेला असतो. त्यावरून उलथन्यासारख्या पात्याने दाट उरुशी फिरवितात. कागद उचलला की कोरीव छिद्रांतून उतरलेले रोगण कातड्यावर किंचित उंच उभे राहिलेले दिसते. पाते फिरविताना हात थोडा जड पडला तर ठिपके पसरतात, हलका पडला तर तुटतात; आणि एकदा उमटलेला ठिपका पुसता येत नाही. दुसरा प्रकार धुरीचा. कातडे एका पिंपासारख्या फिरत्या ढोलास घट्ट गुंडाळून खालून भाताच्या पेंढ्याचा धूर देतात. जेथे दोरा गुंडाळलेला अथवा खळ लावलेली असते तेवढी जागा पांढरी राहते आणि उरलेली पिवळसर ते तपकिरी होते. तिसऱ्या प्रकारास 'सारासा' म्हणतात. त्यात प्रत्येक रंगास स्वतंत्र कागद घेऊन एकावर एक रंग छापतात. जपानीत 'सारासा' हा शब्द मुळात हिंदुस्थानातून येणाऱ्या छापील, चित्रित सुती कापडाचा वाचक आहे. कापडाच्या व्यापाराबरोबर आलेले नाव असे चामड्यावरच्या नक्षीस चिकटले. नक्षीचे विषयही अर्थपूर्ण असतात. चतुर हा कीटक मागे सरत नाही अशी समजूत असल्याने तो योद्ध्यांस प्रिय होता, आणि त्याची आकृती आजही इंदेनच्या वस्तूंवर सर्रास आढळते.

लाख आणि उरुशी

येथे एक घोटाळा टाळणे अवश्य आहे. अशा कामाचा उल्लेख आपल्याकडे बहुधा 'लाखकाम' म्हणून होतो. परंतु लाख आणि उरुशी ह्या दोन वस्तू मुळातच भिन्न होत. लाख ही पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांच्या स्रावापासून मिळते. ती उष्णतेने वितळते आणि मद्यार्कात विरघळते. कातारी लाकडी खेळण्यावर लाखेची कांडी दाबून चरकावर फिरवितो तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने ती पसरते आणि निवताच कठीण होते. उरुशीची गोष्ट ह्याच्या उलट आहे. ती झाडाच्या सालीस चिरा पाडून काढलेला रस असून एका झाडापासून संपूर्ण हंगामात सुमारे २०० ग्रॅमच रस हाती लागतो. रंगाप्रमाणे तिच्यातील पाणी उडून गेले म्हणजे ती वाळली असे होत नाही. उलट तिला कठीण होण्यासाठी हवेत ओलावा लागतो. रसातील एक विकर हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्यातील उरुशिओल ह्या द्रव्याचे कण परस्परांत कायमचे गुंफून टाकते. म्हणून उरुशीचे काम दमट, उबदार कोठडीत ठेवतात. एकदा घट्ट झालेली उरुशी उष्णतेने वितळत नाही आणि मद्यार्कात विरघळत नाही. ह्या क्रियेस कारण असलेल्या विकराकडे हिकोरोकुरो योशिदा ह्या जपानी रसायनज्ञाने १८८३ मध्ये प्रथम लक्ष वेधले.

मराठी वाचकास उरुशीचा स्वभाव समजावून घेण्यासाठी मात्र दूर जाण्याचे कारण नाही. उरुशीचे झाड आंबा, काजू आणि बिबा ह्यांच्याच कुळातील आहे. बिब्याच्या तेलाने परीट कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत आणि तेच तेल अंगास लागले तर कातडी फोडांनी भरून येते. ह्यालाच आपण बिबा उतणे म्हणतो. बिब्यातील दाहक द्रव्य आणि उरुशिओल ही रासायनिक दृष्ट्या सख्खी भावंडे आहेत. उरुशीच्या कार्यशाळेतील नवशिक्या उमेदवाराच्या हातापायांवर तसेच फोड उठतात. बिबा उतलेला माणूस ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला दुकानातील चकचकीत थैलीमागे किती सोसणे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

गुप्त विद्या आणि उघडे दार

इंदेनचे तंत्र उएहारा घराण्यात दीर्घकाळ गुप्त होते. 'युशिची' हे नाव धारण करणाऱ्या कुटुंबप्रमुखासच ते तोंडी शिकविले जाई. पुढे विसाव्या शतकात ही गुप्तता सोडण्यात आली. १९८७ साली कोशू इंदेनला जपानी शासनाने पारंपरिक हस्तव्यवसाय म्हणून अधिकृत मान्यता दिली. कोफू येथे पेढीच्या मुख्य दुकानाच्या वरच्या मजल्यावर इंदेनचे संग्रहालय असून जुन्या थैल्या व चर्मवस्तू तेथे पाहावयास मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जिप्पेन्शा इक्कू ह्याने लिहिलेल्या प्रवासविनोदी कादंबरीत इंदेनच्या थैलीचा उल्लेख येतो. तेव्हा ही वस्तू त्या काळी सामान्य प्रवाशाच्या कमरेपर्यंत पोचलेली होती हे उघड आहे.

गुप्त तंत्र, घराण्याचे नाव, शासनाची मान्यता, संग्रहालय आणि पाहुण्यांसाठी उघडलेले दार, ह्या क्रमाने एखादा व्यवसाय 'परंपरा' म्हणून सुरक्षित होतो. हा क्रम पाहून पुष्कळ अभ्यासक असा निष्कर्ष काढतात की, आपल्याकडेही हेच करावे म्हणजे चर्मकला वाचेल. हा निष्कर्ष घाईचा आहे. त्यात एक प्रश्न सुटून जातो: रोगणाची नक्षी काढणाऱ्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे, पण कातडे कमावणाऱ्याचे नाव काय?

कातडे कमावणाऱ्याचा प्रश्न

टोकुगावा राजवटीत मेलेली जनावरे उचलणे आणि त्यांची कातडी काढून कमावणे ही कामे 'कावाता' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांकडे असत. त्यांस अपवित्र लेखीत आणि त्यांची वस्तीही वेगळी असे. १८७१ च्या राजाज्ञेने हा भेद कायद्यातून नाहीसा झाला. व्यवहारातून तो नाहीसा झाला नाही. म्हणूनच ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ह्या समाजाने सुइहेइशा ही समतेची संघटना स्थापन केली. हिमेजी येथील मीठ व मोहरीच्या जातीचे तेल वापरून कमावलेले पांढरे कातडे जपानात नावाजलेले आहे. तथापि त्या कातड्याची कीर्ती आणि ते कमावणाऱ्या वस्त्यांची प्रतिष्ठा ह्यांत दीर्घकाळ मोठे अंतर राहिले. शोभेची बाजू कलेच्या इतिहासात गेली आणि दुर्गंधीची बाजू समाजशास्त्राच्या वाट्यास आली. दोन्ही बाजू एकाच कातड्याच्या आहेत.

महाराष्ट्रातील चित्र ह्याहून फार वेगळे नाही. बलुतेदारीच्या जुन्या व्यवस्थेत मेलेले जनावर ओढून नेणे, कातडे कमावणे आणि त्याचे जोडे शिवणे ही कामे वेगवेगळ्या जातींत वाटलेली होती. ह्या साखळीत कच्च्या कातड्याच्या जितके जवळ, तितके स्थान खालचे. मराठवाड्याच्या सीमेवरील बसवकल्याण, म्हणजे जुने कल्याण, येथे बाराव्या शतकात ह्या उतरंडीस मोठा धक्का बसला होता. बसवेश्वरांच्या शरणांमध्ये ढोर समाजातील कक्कय्या आणि चर्मकार हरळय्या ह्यांचा समावेश होता. हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण कुळात जन्मलेल्या मधुवरसाच्या मुलीशी झाला आणि त्याबद्दल दोन्ही पित्यांस देहदंड भोगावा लागला, अशी परंपरा आहे. चामड्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न ह्या प्रदेशात किती जुना आणि किती महाग आहे, ह्याची ही साक्ष होय.

विसाव्या शतकात ह्या प्रश्नास दोन परस्परविरोधी उत्तरे मिळाली. १९२७ च्या मार्च महिन्यात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांस मृतमांस आणि त्याबरोबर येणारी हलकी समजली जाणारी कामे सोडून देण्याचा उपदेश केला. व्यवसायच माणसास बांधून ठेवीत असेल तर तो सोडणे हीच प्रतिष्ठा, असा त्याचा आशय होता. दुसरे उत्तर वर्ध्याजवळ नालवाडी येथे शोधण्यात आले. १९३० नंतरच्या दशकात गोपाळराव वाळुंजकर ह्यांनी तेथे चर्मालय चालविले. मृत जनावरांची कातडी शास्त्रीय रीतीने कमावावी आणि सवर्णांनी स्वतः ते काम करून त्यावरील कलंक पुसावा, असा त्यामागील गांधीविचार होता. ह्यांपैकी पहिल्या उत्तराने असंख्य कुटुंबांस शाळेकडे आणि शहराकडे नेले. दुसऱ्याने तंत्र सुधारले, परंतु जातीची मूळ वाटणी मोडण्याइतके ते पसरले नाही. आज चर्मकलेच्या 'संवर्धना'ची भाषा करणाऱ्याने ही दोन्ही उत्तरे समोर ठेवली पाहिजेत. कारागिराचा मुलगा व्यवसाय सोडतो तेव्हा संग्रहालयाच्या दृष्टीने ती हानी असते. त्या मुलाच्या दृष्टीने ती कदाचित पन्नास वर्षे वाट पाहिलेली सुटका असते.

मोट, हलगी आणि चप्पल

मराठवाड्यातील चर्मव्यवसाय शोभेचा नव्हता, तो शेतीचा होता. विहिरीवर चालणारी चामड्याची मोट, तिचा नाडा, बैलांच्या जुंपण्या, चाबूक, पाण्याची पखाल, तेलाचा बुधला आणि पायातील वहाणा ह्या वस्तूंवाचून शेतकऱ्याचे पान हलत नसे. तेलाचे व विजेचे पंप आले आणि मोट विहिरीवरून उठली. तिच्याबरोबर मोट शिवणाऱ्याचे वर्षभराचे कामही उठले. त्याच सुमारास रबर, कापडी पट्टे आणि प्लास्टिक ह्यांनी उरलेल्या वस्तूंची जागा घेतली. ज्या व्यवसायाचे गिऱ्हाईक गावातच होते तो गिऱ्हाइकासकट संपला. इंदेन टिकली ह्याचे एक कारण हेच की तिचे गिऱ्हाईक आरंभापासून शेतीबाहेरचे, म्हणजे योद्धा, व्यापारी आणि प्रवासी हे होते.

महाराष्ट्रात ह्या कसोटीस उतरलेली एक वस्तू म्हणजे कोल्हापुरी चप्पल. बाभळीची साल आणि हिरडा ह्यांच्या काढ्यात कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण आणि पायाच्या अंगठ्यासाठी असलेले कडे ही तिची ओळख. कोल्हापूरकडील एका जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून तिच्यात हा काढा भरतात आणि ती टांगून ठेवतात. काढा झिरपत जातो आणि कातडे आतून पिकत जाते. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून ह्या वस्तूस भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील पोशाख-प्रदर्शनात प्राडा ह्या इटालियन कंपनीने ह्याच घाटाची पादत्राणे मूळ उल्लेखावाचून मांडली आणि त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले आणि जुलै महिन्यात तिच्या प्रतिनिधींनी कोल्हापुरात येऊन कारागिरांच्या कार्यशाळा पाहिल्या. ही भेट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पाहुण्याने शिवणारा हात पाहिला म्हणजे सगळा व्यवसाय पाहिला असे होत नाही. कातडे कमावणारा बहुधा दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या अंगणात असतो आणि तेथवर फारसे कोणी जात नाही. त्यातच २०१५ पासून महाराष्ट्रात बैल व वळू ह्यांच्या कत्तलीवर बंदी आल्याने कातड्याच्या पुरवठ्याचा प्रश्न अधिक बिकट झाला. आणि हाही प्रश्न शिवणाऱ्याच्या पाटावर बसून दिसत नाही.

बेंबळीतील कार्यशाळा

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) तालुक्यातील बेंबळीसारख्या गावी कोफूप्रमाणे संग्रहालय नाही आणि घराण्याचे नाव सांगणारी पाटीही नाही. म्हणून तेथे पाहण्यासारखे काही नाही, असे विद्यार्थ्यांस वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः अभ्यासाची सामग्री अशाच ठिकाणी असते. ह्या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी देशभर प्रसिद्ध आहे. बहुधा काळ्या रंगाच्या ह्या जातीची पैदास मांसासाठी व दुधासाठी होते; पण प्रत्येक बोकडाबरोबर एक कातडेही बाजारात येते. शेळीच्याच कातड्याने हलगी मढवितात, आणि चामड्याने मढविलेल्या संबळाच्या नादावाचून तुळजाभवानीचा गोंधळ उभा राहत नाही. तेव्हा ह्या प्रदेशात चामड्याची वस्तू देवीच्या दारी वाजते, आणि तिला मढविणारा हात दीर्घकाळ त्या दाराबाहेर राहिला. कोफूच्या संग्रहालयात शिकता येणार नाही असा धडा येथे आहे.

अशा गावातील कार्यशाळेस, मग ती रस्त्याकडेची जोडे शिवण्याची टपरी असो की हलगी मढविणाऱ्याची ओसरी असो, भेट देणाऱ्या अभ्यासकाने वस्तूपासून उलट दिशेने चालत जावे. हे कातडे कोणत्या जनावराचे, ते कोणी सोलले आणि कोणी मिठात घातले? ते जिल्ह्यातच कमावले गेले की तमिळनाडू, कानपूर अथवा कोलकाता अशा मोठ्या केंद्रांकडे जाऊन परत आले? कमावण्यास साल आणि हिरडा वापरला की क्रोमियमचे क्षार, आणि त्या कामाचे पाणी कोणाच्या विहिरीजवळ सांडले? विद्या बापाकडून मुलास मिळाली की उमेदवारीतून. आणि घरातील स्त्रिया जे शिवण-विणीचे काम करतात त्याची गणना कारागिरीत होते की 'मदती'त? शंभर रुपयांच्या विक्रीतील किती रुपये कातड्याचे, किती हाताचे आणि किती मधल्या व्यापाऱ्याचे? शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक, आणि तो विचारण्यापूर्वी दोनचार भेटी व्हाव्या लागतील: आपल्या मुलाने हेच काम करावे असे कारागिरास वाटते काय? त्याचे उत्तर 'नाही' असे आले, तर त्यात परंपरेचा ऱ्हास तेवढा पाहू नये. त्यामागील शहाणपणाचीही नोंद करावी.

अशा भेटीच्या टिपणात वस्तूचे चित्र एक पान व्यापील, तर माणसांची साखळी चार पाने व्यापील. हे प्रमाण योग्यच आहे. इंदेनच्या बाबतीतही हीच रीत लावली म्हणजे तिचे आकर्षण कमी न होता अधिक खोल होते. हरणाचे कातडे आज बहुतांशी परदेशातून येते. उरुशीच्या झाडास चिरा पाडणारे, कागदावर नक्षी कोरणारे, धुरात बसून ढोल फिरविणारे आणि दमट कोठडीची राखण करणारे असे अनेक हात त्या एका थैलीत आहेत, आणि दुकानाच्या पाटीवर त्यांपैकी एकाच घराण्याचे नाव आहे.

जपानने ह्या कलेस हिंदुस्थानचे नाव दिले. त्या नावाचा अभिमान वाटावा अशी इच्छा असेल, तर ज्यांनी ह्या देशात कातड्यास हात लावला त्यांची नावे नोंदविण्यापासून आरंभ करावा लागेल. हे काम कोफूस जाऊन होणारे नाही. ते बेंबळीच्या बाजारात, हलगी मढविणाऱ्याच्या ओसरीवर बसून, त्याच्या सवडीने आणि त्याच्या शब्दांत व्हावयाचे आहे.